पंचावन्न अंशांचा ठोकताळा

मुलाला किंवा मुलीला भेटण्यासाठी एप्रिलच्या सुमारास न्यू जर्सीकडे जाऊन आलेले काही शिक्षक आमच्या वाचकांत असतील. घरापुढची हिरवळ हा तिकडे केवढा गंभीर विषय असतो, हे त्यांनी पाहिलेच असेल. थंडी ओसरू लागली की दुकानांच्या दाराशी खताच्या पिशव्यांच्या थप्प्या लागतात. पिशवीच्या पाठीवर वर्षाचे वेळापत्रक छापलेले असते. पहिला हप्ता वसंताच्या आरंभी, दुसरा वसंत संपता संपता, तिसरा उन्हाळ्यात आणि चौथा पानगळीच्या दिवसांत. गृहस्थ पिशवी आणतो, छोट्या ढकलगाडीत ओततो, गाडी हिरवळीवरून फिरवतो आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानाने घरात जातो.

या वेळापत्रकावर जाणकारांनी एक सुधारणा सुचवलेली आहे. तारीख पाहू नका, मातीचे तापमान पाहा, असे ती सांगते. माती ५५ अंश फॅरनहाइटला पोचली की तणाचे बी रुजू लागते, म्हणून त्याआधी तणनाशक टाका. विद्यापीठांच्या विस्तारपत्रकांत, बागकामाच्या पुस्तकांत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गप्पांतही हा आकडा भेटतो. पंचांगाच्या जागी तापमापक आला, तेव्हा विषय आपोआप शास्त्रीय झाला, असा समज त्यामागे आहे. तो कितपत खरा आहे, याची चिकित्सा आम्हाला येथे करायची आहे.

परदेशातल्या गवताची आपल्याला काय पंचाईत, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर क्षेत्रफळाचे. उपग्रहांच्या चित्रांवरून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील हिरवळींचे एकूण क्षेत्र सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र केवळ शोभेच्या गवताखाली आहे! त्यावर कोणत्या आठवड्यात काय टाकले जाते, हा तिथल्या नद्यांच्या आणि तळ्यांच्या प्रकृतीचा प्रश्न आहे. दुसरे उत्तर आपल्या वर्गाचे. एखादा ठोकताळा कसा जन्मतो, कुठवर चालतो आणि कुठे फसवतो, हे शिकवायला याहून सुटसुटीत उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

नियमाची बाजू

टीका करण्यापूर्वी नियमाची बाजू नीट मांडली पाहिजे. न्यू जर्सीपासून मिनेसोटापर्यंतच्या थंड पट्ट्यात हिरवळीसाठी केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, रायग्रास अशी शीत ऋतूतील गवते लावतात. त्यांचा मोठा वैरी म्हणजे क्रॅबग्रास. खेकड्याच्या पायांसारखे फाटे जमिनीलगत पसरतात म्हणून हे नाव. ते एक वर्षाचे गवत आहे. वसंतात बियांतून उगवते, उन्हाळ्यात मूळ गवत मरगळले की फोफावते, हजारो बिया टाकते आणि पहिल्या कडक हिमाबरोबर मरते.

त्याच्यावर प्रोडायामिन, पेंडिमेथॅलिन यांसारखी उगवणपूर्व तणनाशके वापरतात. यांपैकी पेंडिमेथॅलिन आपल्याकडच्या सोयाबीन व कांदा उत्पादकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. ही औषधे बी मारत नाहीत आणि बियाचे रुजणेही थांबवत नाहीत. मातीच्या वरच्या थरात त्यांचा एक पापुद्रा तयार होतो. रुजलेल्या बियाचा कोवळा कोंब किंवा मूळ त्या पापुद्र्यात शिरले की तिथे पेशींचे विभाजन बंद पडते आणि रोप जमिनीवर येण्याआधीच संपते. एकदा रोप वर आले की ही दोन औषधे जवळजवळ निरुपयोगी ठरतात. म्हणून पापुद्रा आधी तयार हवा, आणि तो बसण्यासाठी सुमारे १२ मिलिमीटर पाणीही हवे.

वसंत दरवर्षी एकाच तारखेला येत नाही. एखाद्या वर्षी तो दोन-तीन आठवडे लवकर येतो, एखाद्या वर्षी रेंगाळतो. शिवाय हवामान तापत चालले असल्याने जुन्या तारखांचा भरवसा आणखी कमी झाला आहे. बी तर तारीख पाहत नाही. तेव्हा तारखेपेक्षा तापमान बरे, हे म्हणणे योग्यच आहे. तिथवर आम्ही या नियमाच्या बाजूचे आहोत. आमचा आक्षेप पुढे सुरू होतो.

किती खोलीवरचे? किती वाजताचे?

‘मातीचे तापमान’ अशी एकच एक गोष्ट अस्तित्वात नाही. सूर्याची उष्णता पृष्ठभागावर पडते आणि लाटेसारखी खाली उतरते. उतरताना ही लाट क्षीण होते आणि तिला उशीरही होतो. ओलसर मातीत दर १० सेंटिमीटरला दैनंदिन चढउतार सुमारे ३७ टक्क्यांवर येतो, असे धरू. मातीप्रमाणे हा आकडा बदलेल, पण उदाहरणाला पुरेसा आहे.

समजा, एप्रिलमधील एका दिवशी जमिनीचे सरासरी तापमान १२ अंश सेल्सिअस आहे आणि पृष्ठभागावर ते ८ अंशांनी वरखाली होते. म्हणजे पृष्ठभाग ४ पासून २० अंशांपर्यंत जातो. अडीच सेंटिमीटर खोलीवर चढउतार सुमारे ६ अंशांचा उरतो, म्हणून तिथे तापमान ६ ते १८ राहते. दहा सेंटिमीटरवर तो जेमतेम ३ अंशांचा असतो, म्हणजे ९ ते १५. शिवाय तिथला उच्चांक पृष्ठभागाच्या सुमारे चार तास मागे असतो.

आता ५५ अंश फॅरनहाइट म्हणजे १२.८ अंश सेल्सिअस. वरच्या उदाहरणात एकाच दिवशी, एकाच अंगणात, तिन्ही खोल्यांवर हा आकडा दिवसातून दोनदा येऊन जातो. दुपारी वरच्या थरात तापमापक खुपसणारा म्हणेल, १८ अंश झाले, आपण चुकलो. सकाळी १० सेंटिमीटरवर मोजणारा म्हणेल, अजून ९ आहे, थांबू या. दोघांचे तापमापक अचूक आहेत. त्यांना मिळालेला नियम अपुरा आहे. पूर्ण नियमात खोली हवी, सरासरी कशी काढायची ते हवे आणि तापमान सलग किती दिवस टिकले पाहिजे तेही हवे. चांगल्या विस्तारपत्रकांत हे सांगितलेले असते. पण पत्रकातून पिशवीवर आणि पिशवीवरून गप्पांत येईपर्यंत अटी गळून पडतात आणि आकडा तेवढा उरतो.

आणखी एक घोटाळा आहे. हवामान केंद्रांवरून मिळणारे मातीचे तापमान पुष्कळदा १० सेंटिमीटरचे असते. ही खोली मुख्यतः शेतीसाठी निवडलेली आहे. आयोवासारख्या मक्याच्या प्रदेशात पेरणीची वेळ ठरवताना याच खोलीवरचे ५० अंश फॅरनहाइट पाहतात. क्रॅबग्रासचे रुजणारे बी मात्र बहुतेक वरच्या दोन-अडीच सेंटिमीटरांतच असते. मक्यासाठी केलेले मोजमाप क्रॅबग्रासला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचणे होय. काही अक्षरे लागतील, सगळी लागणार नाहीत.

आकड्याच्या रूपाकडेही पाहावे. फॅरनहाइट मापात ५५ हा पाचच्या पटीतला सोयीचा आकडा आहे. ‘पन्नास-साठच्या मधे कुठेतरी’ एवढाच त्याचा प्रामाणिक अर्थ. त्याचे सेल्सिअस केले की १२.८ होते, आणि तो दशांश पाहून वाचकाला वाटते की कोणी प्रयोगशाळेत एकदशांश अंशापर्यंत मोजले आहे. एकक बदलल्याने अचूकता वाढत नाही, हे आपण नववीच्या वर्गात सांगतो. येथे त्याचा जिवंत दाखला आहे.

बी काय मोजते?

एखादी कळ दाबावी तसे ५५ अंशांना सगळे बी उगवते, असेही नाही. त्या सुमारास पहिली रोपे दिसू लागतात. बहुसंख्य बी साधारण १६ ते २१ अंश सेल्सिअसमध्ये रुजते आणि उगवण उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत चालू राहते. तापमानाखेरीज ओलावा हवा, प्रकाशाचाही परिणाम होतो, आणि मुख्य म्हणजे बियाची सुप्तावस्था संपलेली असावी लागते. पानगळीच्या दिवसांत मातीचे तापमान पुन्हा १३ अंशांवरून जाते. पण तेव्हा नुकतेच पडलेले क्रॅबग्रासचे बी रुजत नाही, कारण हिवाळ्याची थंडी त्याने अजून भोगलेली नसते. तोच आकडा वर्षातून दोनदा येतो आणि दोनदा वेगळा अर्थ सांगतो.

एका क्षणाच्या तापमानापेक्षा साठत गेलेली उष्णता हा अधिक चांगला निकष आहे. ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रोमूर याने १७३५ साली पिकांच्या वाढीसाठी दररोजच्या तापमानांची बेरीज करून पाहिली होती. आज आपण तिला अंशदिन पद्धती म्हणतो. एक पायाभूत तापमान घ्यायचे आणि दिवसाची सरासरी त्याच्या वर जितकी असेल तितके अंश रोज जमा करायचे. मेरिलंडमध्ये फिडान्झा, डर्नोडन आणि झँग यांनी १९९६ साली क्रॅबग्रासच्या एका जातीसाठी असे गणित प्रसिद्ध केले. त्यात पाया १२ अंश सेल्सिअस आणि प्रारंभ १ एप्रिल होता. मिशिगन राज्य विद्यापीठाच्या पद्धतीत मात्र हवेचे तापमान घेतात आणि पाया ३२ अंश फॅरनहाइट, म्हणजे शून्य अंश सेल्सिअस धरतात.

सलग चार दिवसांची सरासरी १०, १३, १६ आणि १४ अंश सेल्सिअस असेल, तर पहिल्या पायाने ० + १ + ४ + २ = ७ अंशदिन होतात आणि दुसऱ्या पायाने ५३. इतके वेगळे हिशेब आणि दोन्ही आपापल्या प्रदेशात उपयोगी पडतात, हे कसे? कारण वसंतात सगळ्याच गोष्टी एकत्र तापतात. हवा, माती, झाडांच्या कळ्या यांचे एक सामाईक कारण आहे, ते म्हणजे चढत जाणारा सूर्य. म्हणून यांपैकी कोणतीही एक गोष्ट दुसरीची खूण म्हणून चालते.

फोर्सिथिया या पिवळ्या फुलांच्या झुडपाचा पारंपरिक ठोकताळाही असाच चालतो. त्याची फुले गळू लागली की तणनाशकाची वेळ झाली, असे जुने बागवान सांगतात. झुडपाला मातीतल्या बियाचे काहीही ठाऊक नसते. त्याच्या कळ्या हवेत असतात. ऋतू नेहमीच्या चालीने आला तर खूण बरोबर निघते. फेब्रुवारीत आठवडाभर अवेळी ऊब आली तर कळ्या फसतात, पण ओली, जड, थंड माती जागची हलत नाही. अशा वर्षी खूण आणि कारण यांची फारकत होते. ठोकताळा टाकाऊ ठरत नाही. तो कशाच्या आधारावर उभा आहे हे मात्र कळते, आणि कधी कोसळेल हेही.

एका पिशवीत दोन घड्याळे

आमचा सर्वात मोठा आक्षेप आकड्यावर नाही, पिशवीवर आहे. तणनाशक आणि खत एकत्र मिसळलेली पिशवी बाजारात लोकप्रिय आहे. एका फेरीत दोन कामे होतात. पण या दोन कामांची घड्याळे वेगळी आहेत.

शीत ऋतूतील गवताची मुळे साधारण १० ते १८ अंश सेल्सिअसला जोमाने वाढतात आणि पाने १६ ते २४ अंशांना. वसंताच्या आरंभी भरपूर नत्र दिले की सगळा जोर पानांकडे जातो. हिरवळ झटकन गडद होते, मालक खूश होतो आणि आठवड्यातून दोनदा कापणी करू लागतो. मुळे मात्र उथळ राहतात आणि जुलैच्या उन्हात त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून वर्षातून एकदाच खत द्यायचे तर सप्टेंबरच्या सुमारास द्या, असे तिकडची विद्यापीठे सांगत आली आहेत. क्रॅबग्रासचे औषध एप्रिलमध्ये हवे, मुख्य खत सप्टेंबरमध्ये. एका पिशवीत दोन्ही बांधले की निदान एक तरी अवेळी पडणार.

चुकीची किंमतही दोन्हींत सारखी नाही. तणनाशक दोन आठवडे लवकर पडले तर थोडे नुकसान होते. माती तापू लागली की सूक्ष्मजीव ते विघटित करू लागतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी पापुद्रा थोडा लवकर विरतो, इतकेच. ते दोन आठवडे उशिरा पडले तर उगवलेले तण हातून गेले. म्हणून ५५ हा आकडा मुळात सावधगिरीची रेषा आहे. बहुसंख्य बी रुजण्याच्या बराच आधी ती आखलेली आहे आणि एखाददुसऱ्या अंशाने तिथे काही बिघडत नाही. खताचे उलट आहे. मुळे शोषून घेऊ शकतील त्याआधी नत्र पडले, तर पाऊस ते घेऊन जातो. एकाला ‘लवकर बरे’, दुसऱ्याला ‘थांबलेले बरे’. या दोघांना एकाच तापमानाचा इशारा देणारा नियम कितीही शास्त्रीय दिसला, तरी तो पिशवीच्या सोयीचा आहे.

दक्षिणेकडील राज्यांत गेलो की हे आणखी स्पष्ट होते. तिथली मुख्य हिरवळ बर्म्युडा गवताची. हे गवत म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली हरळी आहे! आपला शेतकरी जिच्या मुळ्या खणता खणता थकतो आणि आपण जिच्या दूर्वा गणपतीला वाहतो, तीच हरळी जॉर्जियात पैसे मोजून लावतात. ती उष्ण ऋतूतली. माती साधारण १८ अंश सेल्सिअसला आल्यावर ती नीट हिरवी होते. तोपर्यंत दिलेले नत्र हरळीपेक्षा थंडीतल्या तणांच्याच पोटात जाते. तिचे जेवण उन्हाळ्यात, तिच्या उत्तरेकडील भावंडांचे पानगळीत. पण क्रॅबग्रास दोन्हीकडे तोच, त्यामुळे औषधाचा आकडाही दोन्हीकडे तोच. तणाचे घड्याळ घेऊन खताची वेळ ठरवता येत नाही, याला आणखी पुरावा कशाला हवा?

शास्त्रज्ञांचाही हिशेब चुकला

दुकानदारांना दोष देऊन आम्हाला हात झटकता येणार नाहीत. शास्त्रज्ञ मंडळींनी स्वतः दिलेला एक सल्ला पुढे मागे घ्यावा लागला आहे. नोव्हेंबरमध्ये पाने वाढायची थांबली पण मुळे अजून जागी आहेत, तेव्हा नत्राचा शेवटचा हप्ता द्या, असे अनेक वर्षे सांगितले जात होते. तर्क आकर्षक होता. वसंतात अशी हिरवळ लवकर हिरवी होई, त्यामुळे पुरावाही डोळ्यांपुढे दिसे.

पण डोळ्यांना हिरवा रंग दिसतो, खाली झिरपून गेलेले नायट्रेट दिसत नाही. कनेक्टिकटमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते मोजले गेले. खत देण्याची तारीख सप्टेंबरकडून डिसेंबरकडे जितकी सरकली, तितके झिरपून जाणारे नायट्रेट वाढत गेले. विस्कॉन्सिनमधील संशोधकांनी नियंत्रित तापमानात तीन गवते वाढवली. थंडी वाढली तसे नत्राचे शोषण घटले, असे त्यांनी २०११ साली दाखवले. मुळे जिवंत होती, पण भूक मंदावली होती. त्यानंतर थंड प्रदेशातील अनेक विद्यापीठांनी हा शेवटचा हप्ता अलीकडे आणण्याचा किंवा वगळण्याचा सल्ला दिला.

या प्रकरणात कोणी खोटे बोलले नव्हते. जे मोजले ते बरोबर मोजले. पण जे मोजायला सोपे होते तेच मोजले. आम्हाला स्वतःला हा धडा पिशवीवरील टीकेपेक्षा अधिक बोचतो, कारण आमच्या प्रयोगशाळांतही मोजायला सोपे ते आधी मोजण्याचा मोह असतोच.

कायदा पुन्हा तारखेकडे

हिरवळीवरचे जास्तीचे नत्र आणि स्फुरद पावसाबरोबर गटारात, तिथून नदीत आणि तळ्यात जाते. तिथे शेवाळ माजते, ते मरून कुजते आणि पाण्यातला प्राणवायू संपवते. मिनेसोटाने २००२ साली हिरवळीच्या खतातील स्फुरदावर निर्बंध घालणारा कायदा केला. तो २००५ पासून राज्यभर लागू झाला. मिशिगनमधील ॲन आर्बर शहराने २००७ साली असाच नियम लागू केला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ह्यूरॉन नदीतील स्फुरद कमी झालेले आढळले. श्रेय केवळ नियमाचे की त्याबरोबर झालेल्या लोकशिक्षणाचेही, हे वेगळे काढणे कठीण आहे.

न्यू जर्सी आणि मेरिलंड या राज्यांनी २०११ साली वेळेबाबतही कायदे केले. घरमालकाने १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात हिरवळीला खत द्यायचे नाही. मेरिलंडमध्ये एका वेळी द्यायच्या नत्रावरही मर्यादा आहे. दर १००० चौरस फुटांना ०.९ पौंड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.४ ग्रॅम. हे रूपांतर विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे.

गंमत पाहा. इतका वेळ तापमानाची थोरवी गायल्यावर कायदा मात्र पुन्हा तारखेवर आला! आम्हाला यात विसंगती दिसत नाही. कायदा लाखो लोकांना एकाच वेळी कळला पाहिजे आणि मोडला तर दाखवता आला पाहिजे. कोणाच्या अंगणात किती खोलीवर काय तापमान होते, यावर न्यायालयात वाद घालणे परवडणारे नाही. तारीख ढोबळ आहे, पण सर्वांची सारखी आहे. निकष चांगला की वाईट हे तो कोणत्या कामासाठी आहे यावर ठरते. बियाला तापमान लागते, बागवानाला खूण लागते आणि समाजाला तारीख लागते.

ज्या उपायाला आकडाच नाही, त्याकडे पिशवी पाठ फिरवते हेही नोंदवले पाहिजे. गवत साडेसात सेंटिमीटर किंवा त्याहून उंच ठेवून कापले, तर मातीवर सावली राहते, माती थंड राहते, बियाला प्रकाश मिळत नाही आणि क्रॅबग्रास पुष्कळ कमी होते. कापणीयंत्राची पाती वर उचलायला पैसे पडत नाहीत. कदाचित म्हणूनच ते वेळापत्रकात छापलेले नसते.

आपल्या अंगणात

पुण्यात हा नियम वापरू पाहणाऱ्याची निराशा होईल. भर जानेवारीतही तिथल्या मातीची काही सेंटिमीटर खोलीवरची दैनिक सरासरी १३ अंशांपर्यंत उतरत नाही. आपल्या बहुतेक तणांना थंडी अडवत नाही, कोरडेपणा अडवतो. पहिला चांगला पाऊस हीच त्यांची घंटा. म्हणून सोयाबीनमध्ये तेच पेंडिमेथॅलिन वापरताना आपण तापमान पाहत नाही. पेरणीनंतर लगेच, उगवणीपूर्वी आणि जमिनीत ओल असताना ते फवारतो. शेतकऱ्याचा ‘वाफसा’ हाही असाच निकष आहे. मुठीत मातीचा गोळा करून, तो सहज फुटतो का ते पाहून वाफसा ठरतो. त्याला अंश नाहीत म्हणून तो अशास्त्रीय म्हणायचा काय? ज्या गोष्टीवर काम अडते तीच तो तपासतो, आणि नेमक्या जागी, नेमक्या वेळी तपासतो. ५५ अंशांच्या ठोकताळ्याकडून आमची एवढीच अपेक्षा होती.

मातीचे तापमान हा विषय मात्र आपल्याला परका नाही. पुण्यात १९३२ साली कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि डॉ. एल. ए. रामदास यांनी तो नावारूपाला आणला. काळ्या मातीवर खडूच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिला की खालची माती लक्षणीय थंड राहते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मोजून दाखवले. आजही आपल्या कृषी हवामान केंद्रांत ५, १० आणि २० सेंटिमीटर खोलीवर मातीचे तापमान नोंदवतात.

शाळेत एवढेच करून पाहता येईल. मैदानाच्या कडेला मीटरभर लांबीचे तीन वाफे आखावेत. एक उघडा, एक हरळीने झाकलेला आणि एक खडूची भुकटी पसरलेला. साध्या तापमापकाने २, ५ आणि १० सेंटिमीटरवर सकाळी ७ आणि दुपारी २ वाजता आठवडाभर नोंदी कराव्यात. तापमापकाचा फुगा नाजूक असतो, म्हणून आधी खिळ्याने भोक पाडून घ्यावे. मग मुलांना विचारावे, ‘आपल्या मैदानातल्या मातीचे तापमान किती?’

पहिला विद्यार्थी एक आकडा सांगेल. दुसरा म्हणेल, ‘सर, कोणत्या वाफ्यातले? किती खोलीवरचे? किती वाजताचे?’ दुसऱ्याची पाठ थोपटावी. आणि पहिल्याला जून येईपर्यंत थांबायला सांगावे. पहिल्या पावसानंतर कोणत्या वाफ्यात कोणते तण कोणत्या दिवशी उगवले, याची वही त्याच्या हाती द्यावी. नाचणीचा एक रानटी भाऊबंद त्या वाफ्यात हमखास उगवेल. अमेरिकेत त्याला गूजग्रास म्हणतात आणि तिथे त्याचे बी क्रॅबग्रासनंतर, माती आणखी तापल्यावर रुजते. आपल्याकडे ते कशाची वाट पाहते, हे त्या वहीतून कळेल.